आधी सीट, मग आरसे, मग किल्ली

१८ मार्च २०२४ला, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मी चारचाकीच्या लायसन्सची परीक्षा पास झाले. दुसऱ्या खेपेला. माझी उंची चार फूट दहा इंच आहे, आणि त्याआधी आयुष्यात स्कूटरसुद्धा चालवली नव्हती. सगळी नोकरी पुण्यात पीएमटीच्या बसने केली. हे लिहितेय ते माझ्यासारख्या बुटक्या बायकांसाठी, ज्या 'आपला पायच पोचत नाही' म्हणून विषय सोडून देतात. पाय पोचतो. कसा, ते मला महिन्याभराने कळलं. पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर पुष्कळ भीती आणि पुष्कळ खांदेदुखी वाचली असती.

नोव्हेंबर २०२३मध्ये सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी. डिसेंबरात ह्यांची बदली नागपूरला झाली आणि आमची हॅचबॅक पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी राहिली. सासूबाईंना रिक्षात चढताना पाय दुमडावा लागायचा आणि दर वेळी त्यांच्या तोंडून 'आई गं' निघायचं. एक दिवस रिक्षात बसूनच ठरवलं, की गाडी शिकायची.

लर्निंग लायसन्सचं काम वाटलं होतं त्याहून सोपं निघालं. परिवहन खात्याच्या 'सारथी' वेबसाइटवर आधार नंबर टाकून अर्ज भरला. वय चाळीसच्या पुढे असल्यामुळे डॉक्टरांचं फॉर्म १-अचं प्रमाणपत्र लागतं. ते आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांकडून घेतलं, दोनशे रुपये. सरकारी फी साधारण दोनशे. ८ जानेवारीला, सोमवारी रात्री नऊ वाजता, जेवणं उरकून घरीच कॅमेऱ्यासमोर बसून परीक्षा दिली. साठ टक्के प्रश्न बरोबर यावे लागतात. दिवसा परीक्षा देत असाल तर खिडकीकडे पाठ करून बसू नका, चेहऱ्यावर अंधार येतो आणि कॅमेरा ओळखत नाही. त्याआधीचा माझा पहिला प्रयत्न त्यातच गेला. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा तीस दिवसांनंतरच देता येते.

१५ जानेवारीपासून ड्रायव्हिंग स्कूल. सव्वीस दिवस, रोज अर्धा तास, साडेपाच हजार रुपये. सर शिकवायला वाईट नव्हते. क्लच-गिअरचं गणित त्यांनीच माझ्या डोक्यात बसवलं. पण त्या गाडीची ड्रायव्हरची सीट मागेपुढे सरकतच नव्हती. रूळ कधीचा अडकला होता. उंच मुलगा उतरला की मी बसायचे, आणि माझ्या पाठीमागे दोन उश्या कोंबल्या जायच्या. मधला आरसा सरांनी स्वतःकडे वळवलेला असायचा, कारण मागची वाहनं त्यांना दिसायला हवीत. ते योग्यच होतं. पण मग मला मागचं काहीच दिसायचं नाही आणि आरशात बघायची सवयही लागली नाही. बाजूचे आरसे कसे लावायचे हा विषय सव्वीस दिवसांत एकदाही निघाला नाही.

आठव्या-दहाव्या दिवशी खांदे भरून आले. गाडी सरळ जात नव्हती, सारखी डावीकडे-उजवीकडे हलायची. सर म्हणायचे, "मॅडम, स्टिअरिंग ढिलं सोडा." ढिलं सोडलं की मीच पुढे कलायचे. रात्री पडल्या पडल्या वाटायचं, हे आपलं काम नाही.

आमच्या मजल्यावर एक काका राहतात. सासऱ्यांचे जुने मित्र. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. स्कूलचा कोर्स फेब्रुवारीच्या मध्यावर संपला आणि तरी मला एकटीला गाडी पार्किंगबाहेर काढायची हिंमत होत नव्हती. मग सासूबाईंनीच त्यांना बोलावलं. १८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी सात. गाडीला पुढेमागे लाल 'एल' चिकटवलेला. मी दार उघडलं, बसले आणि किल्ली लावायला हात पुढे केला. काकांनी किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"सूनबाई, आधी बसायला शीक. आधी बूड, मग पाय, मग पाठ, मग हात, मग मान. आरसे सगळ्यात शेवटी."

त्या दिवशी गाडी सुरूच झाली नाही. दीड तास आम्ही फक्त बसणं शिकलो. तो दीड तास मला सव्वीस दिवसांपेक्षा जास्त कामी आला, म्हणून सविस्तर लिहिते.

बूड सीटच्या अगदी कोपऱ्यात, पाठ आणि बैठक जिथे मिळतात तिथपर्यंत मागे न्यायचं. मी कायम सीटच्या कडेवर बसायचे, बोनेटचं टोक दिसावं म्हणून. काकांनी विचारलं, "बोनेट बघून काय करणारेस? रस्ता बघायचाय ना?" त्यांचं म्हणणं असं, की कडेवर बसलेल्या माणसाला पाठीचा आधार नसतो, मग तो स्टिअरिंगला लोंबकळतो. माझे खांदे का भरून येत होते आणि गाडी का हलत होती, ते एका वाक्यात कळलं. मी स्टिअरिंग फिरवत नव्हते, धरून बसले होते.

मग पाय. सीटच्या पुढच्या बाजूला, खाली, एक आडवा दांडा असतो. तो वर उचलून सीट सरकवायची. अंतर क्लचवर ठरवायचं, कारण क्लच सगळ्यात खोल जातो. टाच जमिनीवर टेकवून क्लच तळापर्यंत दाबायचा आणि गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे. गुडघा ताठ झाला तर सीट लांब आहे. धडक झालीच तर ताठ पायातून तो धक्का थेट खुब्यापर्यंत जातो. नंतर तसंच ब्रेकला करून बघायचं, पूर्ण जोर लावून, जणू समोर मूल आलंय.

माझी अडचण इथेच होती. क्लच पोचेपर्यंत सीट पुढे घेतली की छाती स्टिअरिंगला जवळ जवळ टेकायची. स्टिअरिंगच्या मध्यभागी एअरबॅग असते आणि ती फार जोरात फुटते. छातीच्या हाडापासून तिथपर्यंत किमान पंचवीस सेंटिमीटर अंतर हवं. माझ्या हाताची एक वीत आणि वर चार बोटं. काकांनी घरून शिवणाची टेप आणायला लावली. मोजलं तर एकोणीस भरलं. मग सीटची पाठ थोडी मागे कलवली, एक खटका, दोन खटके. पाय तिथेच राहिले, छाती मागे गेली. सव्वीस सेंटिमीटर. स्टिअरिंग खाली ओढून घेतलं, म्हणजे एअरबॅगचा रोख तोंडाकडे न राहता छातीकडे राहतो. इतक्या साध्या गोष्टीवर मी 'माझा पायच पोचत नाही' म्हणून महिनाभर कुढत होते.

पाठ किती कलवायची याचं माप हातात आहे. खांदे सीटला टेकलेले ठेवून हात सरळ पुढे करायचा. मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. फक्त बोटंच पोचली तर पाठ जास्त मागे गेली आहे. मग हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर धरले की कोपर आपोआप वाकतं आणि खांदा मोकळा राहतो.

मान सगळ्यात दुर्लक्षित. हेडरेस्ट आराम करायला नसतो. मागून कुणी धडकलं तर मान मागे फेकली जाऊ नये म्हणून असतो. त्याचा माथा आपल्या डोक्याच्या माथ्याशी यावा आणि डोक्यामागे अगदी थोडं अंतर असावं. इथे एक गोष्ट, जी काकांना सुचण्यासारखी नव्हती, मलाच आढळली: केसांना मागे क्लचर लावला किंवा अंबाडा घातला की डोकं पुढे ढकललं जातं आणि हेडरेस्टचा उपयोगच उरत नाही. मी आता गाडी चालवताना वेणी घालून ती पुढे घेते. तसंच ओढणी. बेल्ट ओढणीवरून लावला की ती गळ्याशी आवळते, म्हणून ओढणी काढून ठेवते. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. वरचा खांद्याच्या मध्यावरून.

उंचीचा प्रश्न मात्र राहिला होता. आमची गाडी बेस मॉडेल, सीट वर घ्यायची सोय नाही. मी सोफ्यावरची उशी घेऊन आले तर काकांनी ती परत पाठवली. मऊ उशी ब्रेक लावला की सरकते आणि वजनाने चेपते. मग नऊशे रुपयांची एक कडक, मागून उंच आणि पुढून उतरती अशी गादी घेतली, जिला सीटला बांधायच्या पट्ट्या आहेत. ती घातल्यावर क्लचचं अंतर आणि बेल्ट पुन्हा तपासावा लागला, कारण एक बदललं की सगळंच बदलतं.

आरशांची शिकवणी दुसऱ्या दिवशी झाली. काका उजव्या आरशाला 'ड्रायव्हर साइड' आणि डाव्याला 'कंडक्टर साइड' म्हणतात, आता मीही तसंच म्हणते. मधल्या आरशात मागची काच पूर्ण मावली पाहिजे, आणि तो कडेला धरून फिरवायचा, नाहीतर बोटांचे ठसे राहतात. बाजूच्या आरशांत आपल्याच गाडीची एक बारीक कड, मागच्या दाराच्या कडीपुरती, दिसावी; बाकी सगळा रस्ता. रस्ता आणि आकाश जिथे मिळतात ती रेघ साधारण मधोमध. आमच्या गाडीत आरसे आतल्या छोट्या दांडीने फिरतात, म्हणून कंडक्टर साइडचा आरसा लावताना वाकावं लागतं, आणि वाकलं की नजर बदलते. थोडं फिरवायचं, पाठ टेकून बघायचं, परत थोडं फिरवायचं. किंवा शेजारच्याला फिरवायला सांगून आपण जागेवरून बघायचं. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना डावा आरसा असतो. पूर्वी बऱ्याच गाड्यांच्या बेस मॉडेलला तो नसायचाच.

आरसे लावून झाल्यावर काका गाडीच्या मागे वीस-पंचवीस पावलांवर जाऊन उभे राहिले. डोक्यावर पांढरी टोपी. "मी चालत येतो. दिसतोय तोवर 'दिसतोय' म्हण."

ते उजव्या बाजूने हळूहळू पुढे यायला लागले. दिसतोय. दिसतोय. दिसतोय. टोपी आरशाच्या बाहेरच्या कडेला सरकली, अर्धी झाली, गेली. मी समोरच्या काचेतून आणि उजव्या खिडकीतून डोळ्यांच्या कोपऱ्याने बघितलं, कुठेच नाहीत. काकांच्या पावलांचा आवाज येत होता. मी मान वळवून खांद्यावरून बघितलं तर ते मागच्या दाराला हात लावून उभे होते. एवढा मोठा माणूस, दोन हातांवर, आणि तिन्ही आरशांत नाही.

"इथे आख्खी मोटारसायकल मावते, दोन माणसांसकट," ते म्हणाले.

मग तेच डाव्या बाजूने. तिकडे ते आणखी लवकर दिसेनासे झाले. शिवाय बाजूचा आरसा फुगीर असतो, त्यामुळे त्यात जास्त मुलूख दिसतो पण सगळं लहान दिसतं. लहान दिसतं म्हणून लांब वाटतं. आरशात लांब वाटणारी स्कूटर प्रत्यक्षात बरीच जवळ असते. त्या दिवसापासून वळण्याआधी आरसा, इंडिकेटर आणि खांद्यावरून एक झटकन नजर, असा क्रम लागला. नळस्टॉपच्या सिग्नलला या नजरेने मला दोनदा वाचवलंय. खरं तर मला नाही, स्कूटरवाल्यांना.

आरसे लावायची दुसरी एक पद्धत आहे. १९९५ साली जॉर्ज प्लॅट्झर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने मांडलेली: डोकं खिडकीच्या काचेला टेकवून उजव्या बाजूचा आरसा असा बाहेर फिरवायचा की स्वतःच्या गाडीची कड जेमतेम दिसेल, आणि डाव्यासाठी डोकं गाडीच्या मध्यावर आणून तसंच. सरळ बसलं की स्वतःची गाडी अजिबात दिसत नाही, पण ती लपलेली जागा बरीच कमी होते. (त्यांच्याकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, बाजू मी आपल्याकडच्या सांगितल्यात.) मी चार दिवस करून बघितलं. हायवेवर त्याचा फायदा होईल हे पटतं. पण कर्वे रस्त्यावर दुचाक्या वीतभर अंतरावरून जातात, आणि स्वतःच्या दाराची कड समोर नसेल तर ते अंतर कशावरून मोजायचं? रिव्हर्स घेतानाही मला कड लागतेच. म्हणून मी काकांच्या पद्धतीवर परत आले. रात्री मागच्याचे दिवे डोळ्यांवर आले तर मधल्या आरशाखालची छोटी कळ ओढायची, हे मात्र जरूर लक्षात ठेवा.

२६ फेब्रुवारीचा प्रसंग लिहायला अजून हात कचरतो. सकाळी गडबडीत सीट सरकवली, बसले, निघाले. आमच्या पार्किंगमधून वर यायला चढ आहे. चढाच्या मध्यावर समोर वॉचमनची सायकल आली म्हणून थांबले. परत निघायला क्लच जोरात दाबला आणि सीट माझ्यासकट मागे सरकली. दोन खाचा असतील. पण तेवढ्यात उजवा पाय ब्रेकवरून उचलला गेला आणि गाडी मागे जायला लागली. पाय हवेत शोधतोय आणि खाली काही नाही, ती जाणीव मी विसरणार नाही. काकांनी हँडब्रेक ओढला. मागे खांब होता. तीन फुटांवर थांबलो.

काका रागावले नाहीत. त्यांनी मला खाली उतरवून सीटचे दोन्ही रूळ दाखवले. दांडा सोडला की 'खट्' असा आवाज येऊन सीट खाचेत बसायला हवी. माझ्या बाजूच्या रुळात सासूबाईंच्या औषधाची एक रिकामी स्ट्रिप अडकली होती, त्यामुळे खाच पूर्ण बसलीच नव्हती. तेव्हापासून सीट सरकवली की मी दोन्ही पाय टेकवून तिला मागेपुढे जोरात हलवून बघते. सीटखाली काही ठेवत नाही; पाण्याची बाटली तर नाहीच, ती घरंगळून ब्रेकखाली जाते. आणि चालत्या गाडीत सीटला हात नाही. अंतर चुकलंय असं वाटलं तर गाडी कडेला घेऊन, थांबवून, हँडब्रेक लावून, मगच.

४ मार्चला पहिली परीक्षा होती, भोसरीला नाशिक फाट्याजवळच्या ट्रॅकवर. लायसन्स आणि टेस्टची फी सातशे-साडेसातशेच्या घरात. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी वापरली, त्याचे त्यांनी हजार रुपये घेतले. साडेआठला पोचले, नंबर पावणेबाराला आला. ती अडकलेल्या सीटचीच गाडी. माझ्या आधी एक सहा फुटी मुलगा बसला होता. मागे रांग होती. सगळे बघताहेत, कशाला वेळ घ्यायचा, म्हणून मी उश्या घेतल्या आणि आरशांना हात न लावता निघाले. आठच्या आकड्याचा ट्रॅक जमला. इंग्रजी 'एच'च्या आकाराच्या ट्रॅकमध्ये रिव्हर्सला कंडक्टर साइडला बघितलं तर आरशात झाडाचा शेंडा आणि आकाश. अंदाजाने घेतलं आणि खांबाला लागलं. नापास.

घरी येऊन रडले. मग रात्री केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ उघडून बसले, कारण परीक्षेत नक्की काय बघतात ते मला कागदावर वाचायचं होतं. नियम १५मध्ये ड्रायव्हरला काय काय यायला हवं त्याची यादी आहे. त्यातली पहिलीच गोष्ट: मागचं बघायचा आरसा नीट लावणं. इंजिन सुरू करण्याच्याही आधी. काकांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "मग? आम्हाला काय उगीच शिकवलं होतं?"

नापास झाल्यावर सात दिवसांनी परत परीक्षा देता येते. टेस्टची फी परत भरावी लागते, तीनशे. तीनदा नापास झालं तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं. मला १८ मार्चची तारीख मिळाली. मधल्या दिवसांत सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत विटा मांडून रोज 'एच' काढला. एक युक्ती तिथे सापडली: रिव्हर्सच्या आधी गाडी थांबवून बाजूचे आरसे थोडे खाली झुकवायचे, मागचं चाक आणि जमिनीवरची रेघ दिसेपर्यंत. काम झालं की रस्त्यावर यायच्या आधी आठवणीने परत वर. हे विसरलात तर रस्त्यावर डांबराशिवाय काही दिसणार नाही.

१८ तारखेला आमचीच गाडी नेली, शेजारी काका. नंबर आला. मी बूड मागे नेलं, दांडा उचलला, खट्, हलवून बघितलं, क्लच, ब्रेक, मनगट, बेल्ट, मधला आरसा, ड्रायव्हर साइड, कंडक्टर साइड. मिनिटभर लागलं असेल. मागे रांग होतीच. कुणी काही बोललं नाही. खिडकीशी उभे असलेले साहेब कागद धरून शांतपणे थांबले होते. 'एच'मध्ये या वेळी पांढरी रेघ शेवटपर्यंत आरशात दिसत होती.

कार्ड पोस्टाने यायला वेळ लागला, पण डिजिलॉकरमध्ये लायसन्स त्याआधीच आलं होतं, ते चालतं. ९ एप्रिलला, पाडव्याला, सासूबाईंना घेऊन पहिल्यांदा एकटी निघाले. त्यांना मागे बसवत नाही. पुढची सीट पूर्ण मागे नेते, म्हणजे त्यांचा पाय सरळ राहतो.

हे दर पंधरा दिवसांनी नागपूरहून येतात आणि गाडी चालवतात. ते पावणेसहा फूट, त्यामुळे सोमवारी सगळं बदललेलं असतं. मी माझ्या जागेवर रुळाशेजारी पांढऱ्या टेपची छोटी पट्टी चिकटवली आहे आणि पाठीचे खटके मोजून ठेवलेत, सगळ्यात सरळ पाठीपासून सहा. या सोमवारी फिजिओथेरपीची साडेनऊची वेळ होती, आम्हाला निघायला उशीर झाला होता आणि सासूबाई पर्स मांडीवर घेऊन तयार बसल्या होत्या. मी सीट पट्टीपर्यंत आणली, हलवून बघितली. कंडक्टर साइडचा आरसा फिरवायला वाकणार तेवढ्यात त्यांनीच दांडीला हात घातला. "तू टेकून बस," त्या म्हणाल्या, "मी फिरवते. बास म्हण."